ड्राइव्ह-इन आणि ड्राइव्ह-थ्रू यांत नेमका फरक काय?

ड्राइव्ह-इनमध्ये गाडी उभी करून आत बसून राहायचं, वेटर खाणं गाडीपाशी आणून देतो. ड्राइव्ह-थ्रूमध्ये खिडकीतून पार्सल घेऊन लगेच निघायचं.

अमेरिकेत डॅलसजवळ १९२१ मध्ये ‘पिग स्टँड’ हे ड्राइव्ह-इन सुरू झालं. सिनेमाचं ड्राइव्ह-इन, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा पाहायची जागा, १९३३ मध्ये न्यू जर्सीत रिचर्ड हॉलिंग्जहेड यांनी काढलं. त्यांची खरी करामत जमिनीत होती: प्रत्येक रांगेला असा उतार दिला, की गाडीचं तोंड वर राहतं आणि पुढच्या गाडीवरून पडदा दिसतो. फार हुशारीची गोष्ट, त्याचं पेटंटही मिळालं.

खाण्याचं ड्राइव्ह-इन मागे पडलं ते मुख्यतः जागेमुळे, असं मला वाटतं. एक गाडी बराच वेळ जागा अडवते; ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीवर तेवढ्यात कितीतरी गिऱ्हाइकं होतात.