तुला टर्की येत नाही म्हणून

प्रिय मित्रा,

परवा कट्ट्यावरून उठताना तू म्हणालास, "काका, आठ-आठ दिवस एमडीची नशा नाही केली तरी मला काही होत नाही. मग व्यसन कसलं?" चहाचे पैसे देण्याच्या गडबडीत उत्तर राहून गेलं.

ऐंशीच्या दशकात मी गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढायचो. सिगरेटच्या पाकिटातली चांदी, खाली पेटती काडी, वर पळणारा तपकिरी थेंब. वेळ चुकली की टर्की : नाक-डोळे गळायचे, हाडं पिळवटायची, जुलाब. तीन-चार दिवस नरक, मग शरीर हळूहळू सावरायचं. मलाही वाटलं, सुटलो!

वर्षभरानंतर ऑफिसात शेजाऱ्यानं डबा उघडला. पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या. तो चुरचुर आवाज कानावर आला आणि तळहातांना घाम फुटला. टर्की शरीराची असते रे. व्यसन आठवणीत मुरतं. डोपामाइनचा, त्या सुखाच्या रसायनाचा, पूर मेंदू पक्का लक्षात ठेवतो, आणि कोणाबरोबर, कुठे, किती वाजता, हेही. तुझ्या एमडीत, म्हणजे मेफेड्रोनमध्ये, अंग फारसं बोंबलत नाही, म्हणून ती जास्त फसवते. किक लवकर उतरते, म्हणून पावडरीच्या एका रेषेवर रात्र भागत नाही. नंतर पडतं ते मन. बुधवारी तू आईवर खेकसलास, ते आठव.

आणि पहिली रेष तुला कुणा गुंडानं दिली नाही, रूममेटनं दिली. आमचंही तसंच होतं. त्यामुळे 'नाही' म्हणायचं ते रात्री अकराला नव्हे, दुपारीच. शुक्रवारचा बेत आधीच दुसरीकडे ठरव, 'त्या' माणसाचा नंबर उडव, आणि एका तरी माणसाला खरं सांग. शपथा घेऊ नकोस. मी आईच्या गळ्याच्या घेतल्या होत्या.

एवढ्यानं भागलं नाही तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं अवचट दांपत्यानं १९८६ साली पुण्यात सुरू केलं. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. पोलिसांच्या भीतीनं अडू नकोस : स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट देण्याची तरतूद एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये आहे.

शनिवारी पहाटे पाचला सिंहगड. म्हणजे शुक्रवारी लवकर झोपावं लागेल. गाडी मी आणतो, पिठलं-भाकरीचे पैसे तुझे.

तुझा,
काका