नन्नांचा 'बेड्डा' आणि माझी चूक

ताई, तुमच्या इटालियन-अमेरिकन सासूबाई डुकराच्या खारवलेल्या मांसाला 'गबागूल' आणि मऊ चीजला 'रिगोट' म्हणतात, इटालियनचं ॲप 'कापोकोल्लो', 'रिकोत्ता' शिकवतं, तर त्यांचे उच्चार कसे सुधारू, असं तुम्ही विचारलंय. सुधारू नका. हेच मी बारा वर्षांपूर्वी करून बसले.

माझ्या आजेसासूबाई इटलीच्या दक्षिणेकडच्या सिसिली बेटावरच्या, अग्रिजेंतोजवळच्या खेड्यातून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला आलेल्या. आम्ही त्यांना नन्ना म्हणायचो. त्या मला 'बेड्डा', म्हणजे सुंदर, म्हणायच्या. इटालियन 'बेल्ला'मधला ल्ल सिसिलियनमध्ये ड्ड होतो, आणि तो जवळजवळ आपल्या कोबीच्या गड्ड्यातलाच. नातवंडांना जमत नव्हता, मला पहिल्याच दिवशी जमला. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता. मग मी एका क्लासला जाऊ लागले. तिथल्या बाई म्हणाल्या, ही अडाण्यांची बिघडलेली इटालियन आहे, ऐकून तुमचे उच्चार बिघडतील. मला ते पटलं. एका रविवारी भरल्या टेबलावर मी म्हणाले, "नन्ना, बेल्ला म्हणतात." त्यानंतर त्या माझ्याशी फक्त मोडक्या इंग्रजीत बोलल्या. दोन वर्षांनी गेल्या. त्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही.

मी भाषातज्ज्ञ नाही, पण इतकं नक्की सांगते: सिसिलियन काय, नापोलीची म्हणजे नेपल्सची नापोलितान काय, दोन्ही लॅटिनमधूनच आल्या आहेत. प्रमाण इटालियन फ्लोरेन्सकडच्या बोलीवर बेतलेली. १८६१ साली देश एक झाला तेव्हा ती बोलणारे मूठभर होते. १८८० ते १९२० च्या दरम्यान ४० लाखांच्या आसपास माणसं अमेरिकेला गेली, बहुतेक दक्षिणेकडची, आणि आपापल्या गावची बोली घेऊन गेली. नापोलीकडे शेवटचा स्वर पुसट होतो, क चा ग आणि प चा ब ऐकू येतो. तुमच्या सासूबाईंचं 'गबागूल' तिथलं आहे. मालवणी आजीला 'खंय' नको, 'कुठे' म्हण, असं आपण सांगू का? त्या क्लासवाल्या बाईंचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

ॲप चालू ठेवा, इटलीत उपयोगी पडेल. पण या रविवारी सासूबाई सॉस ढवळत असताना फोन ओट्यावर ठेवा, त्यांना विचारून. गावाचं नाव काढून घ्या, 'नेपल्स'वर थांबू नका. प्रत्येकाचे उच्चार वेगळे, माझं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. गाव कळलं की 'आन्तेनाती' या इटालियन सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच गावांच्या जुन्या जन्मनोंदी फुकट पाहता येतात. तिथे आडनाव घरात ऐकता तसं शोधू नका, शेवटी गिळलेला स्वर जोडून पाहा.