वाचकांचे प्रश्न : काडेपेटीपूर्वीचा विस्तव

प्रश्न : मध्ययुगीन आणि प्रबोधनकाळातील युरोपात शिकारी किंवा कोळसा पाडणारे लोक ओल्या जंगलात विस्तव कसा पेटवत असत? लाकडावर लाकूड घासून का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : लाकडाच्या मंथनाने अग्नी निर्माण करता येतो हे खरे, परंतु त्या काळच्या युरोपात नित्याचे साधन होते ते चकमक, म्हणजे एकमेकांवर आपटून ठिणगी पाडण्याची गारगोटी आणि पोलादाचा तुकडा. ते इतके परिचित होते की, बरगंडीचा ड्यूक फिलिप याने १४३० मध्ये ‘गोल्डन फ्लीस’ हा सरदारांचा मानाचा संघ स्थापन केला, तेव्हा त्याच्या कंठभूषणात चकमकीचे पोलाद आणि ठिणग्या उडवणारी गारगोटी यांच्याच आकृती गुंफण्यात आल्या.

ठिणगी गारगोटीतून निघते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात गारगोटीची धारदार कड पोलादाचा अतिसूक्ष्म कण खरवडून काढते आणि घर्षणाने तापलेला तो कण हवेत जळतो. मऊ लोखंडावर हे साधत नाही. म्हणून लोहार कर्बयुक्त पोलाद वापरून त्याला पाणी देत असे, म्हणजे ते तापवून एकदम थंड करून कठीण करत असे.

मात्र ठिणगी पाडणे हा यातला सोपा भाग होय. खरे कौशल्य ती झेलणाऱ्या पदार्थाच्या पूर्वतयारीत होते. बर्च आणि बीच वृक्षांच्या खोडांवर घोड्याच्या खुरासारखी दिसणारी एक कठीण बुरशी वाढते. तिचा आतला मऊ थर कापून, राखेच्या पाण्यात किंवा सोऱ्याच्या द्रावणात भिजवून, वाळवून आणि कुटून मखमलीसारखा केला, म्हणजे त्यावर पडलेली ठिणगी ज्योत न होता धुमसत राहते. (आल्प्समध्ये १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या बर्फात गोठून टिकलेल्या मानवाच्या सामानातही हीच बुरशी होती.) बुरशी न मिळाल्यास, बंद डबीत अपुऱ्या हवेत करपवलेले जवसाच्या धाग्याचे (लिननचे) कापड तेच काम करी. हे सर्व घरी, सवडीने करून ठेवायचे असे. पावसात अडकल्यावर ते साधणे जवळजवळ अशक्यच.

धुमसता तुकडा सुक्या गवताच्या जुडग्यात ठेवून फुंकला की ज्वाला उठे. त्यानंतरचे सरपण जमिनीवरून उचलत नसत, तर उभ्या वाळलेल्या झाडाचे घेत. लाकूड बाहेरून भिजले असले, तरी फोडल्यावर त्याचा गाभा कोरडा निघतो. बर्चची साल तिच्यातील तेलकट द्रव्यांमुळे ओलसर असतानाही पेटते, त्यामुळे उत्तरेकडील जंगलांत पहिली ज्वाला धरण्यासाठी तिलाच पसंती असे.