मालवणच्या मच्छीमारांच्या मुलाखती घेऊन ॲपच्या गरजा लिहितोय. हा डेटा खुला करता येईल का?

नक्की येईल, पण तयारी पहिल्या मुलाखतीआधी हवी. ‘निनावी करून हा मजकूर इतर संशोधकांना देऊ’ हे वाक्य संमतीपत्रात घाला, नाहीतर नंतर धक्क्यावर एकेकाला शोधत फिराल आणि निम्मे समुद्रात असतील.

निनावी करणं म्हणजे नुसतं नाव खोडणं नव्हे. बंदरावर होडीचं नाव घेतलं की मालक कोण ते शेंबडं पोरही सांगतं. तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) बोलता बोलता सांगितलेली मासळीची जागासुद्धा काढा, त्याचं पोट तिच्यावर आहे.

बोलीतलं मूळ वाक्य मात्र ठेवाच. ‘हात वले आसताना मोबाईल कसो बघू?’ यावरून एकजण ‘ॲप वापरायला सोपं हवं’ अशी गरज लिहील, दुसरा ‘सूचना आवाजात हवी’ अशी. वाक्य आणि त्यावरून काढलेली गरज शेजारी-शेजारी असतील, तरच तुमचा निष्कर्ष कुणाला तपासता येईल. माझ्या मते सगळ्यात मोलाचं हेच आहे. मुलाखती देणं शक्यच नसेल तर निदान प्रश्नावली आणि कोडिंगचे, म्हणजे वाक्यांवरून गरजा कशा काढल्या त्याचे, नियम द्या.

डेटा ठेवायला झेनोडो हे संकेतस्थळ उत्तम. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने चालवलेलं, 2013 पासून सुरू, मोफत, आणि डीओआय (डेटाचा कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो. डेटा इतरांनी कसा वापरायचा याचा परवाना स्पष्ट लिहा. 2017 मध्ये ‘प्युअर’ या संचात 79 गरज-दस्तऐवज एकत्र करून खुले केले गेले, तो एकदा उघडून बघा.