मास्क पाठ करू नकोस, रेघ शोध

तुझं पत्र मिळालं. कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, सबनेटिंगचा, म्हणजे एका नेटवर्कचे लहान भाग पाडण्याचा, तक्ता पाठ केलास, तरी दोन्ही चाचण्यांत तेच प्रश्न चुकले. ‘माझं गणित कच्चं आहे, नेटवर्किंगचा नाद सोडून वेब डिझाइनकडे वळू का?’ असं विचारलंयस. वेब डिझाइन मनापासून आवडत असेल तर खुशाल वळ. सबनेटिंगच्या भीतीनं मात्र वळू नकोस. यात गणित शाळेतल्या बेरीज-वजाबाकीपलीकडे जातच नाही.

गोव्यात वाळपईकडे पत्ता कसा सांगतात? घर क्रमांक, वाडा म्हणजे गावातली वस्ती, मग गाव. वाडा कुठला नि घर कुठलं हे ऐकताच कळतं. नेटवर्कवरच्या संगणकाच्या आयपी पत्त्यात ते दिसत नाही. १९२.१६८.१०.७० म्हणजे एका रांगेत उभे ३२ बिट, प्रत्येक बिट ० किंवा १, दर आकड्याचे आठ. त्यात वाड्याचे किती आणि घराचे किती, ती रेघ मास्क नावाचा तसाच ३२ बिटांचा दुसरा आकडा मारतो. मास्कमध्ये १ आहेत तिथवर वाडा, पुढे ० लागले की घर.

आता २५५.२५५.२५५.१९२ घे. २५५ म्हणजे आठही १, म्हणून पहिले तीन आकडे पूर्ण वाड्याचे. शेवटचा आकडा बिटांत ११००००००; जागांचं मोल डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. ७० म्हणजे ०१०००११०. दोन्ही एकाखाली एक लिही. जिथे दोन्हीकडे १, तिथेच १ ठेव. आलं ०१००००००, म्हणजे ६४. हा संगणक ६४ ते १२७ या वाड्यातला. पहिला पत्ता वाड्याचा स्वतःचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा, उरतात ६२.

तुझा दादा कळंगुटच्या हॉटेलात आहे म्हणतेस, तर तिथलंच बघू. रिसेप्शन, पाहुण्यांचं वायफाय, सीसीटीव्ही, कर्मचारी, असे २५६ पत्त्यांचे ६४-६४ चे चार सारखे भाग कागदावर छान दिसतात. पण ४० खोल्या आणि खोलीमागे दोन फोन धरले तरी ८० झाले. डिसेंबरात हॉटेल भरलं की मागून आलेल्या पाहुण्याच्या फोनला पत्ताच मिळणार नाही. म्हणून पाहुण्यांना २५५.२५५.२५५.१२८ देऊन १२६ पत्ते ठेवायचे आणि उरलेल्या अर्ध्याचे ६४ चे दोन भाग करायचे: एक सीसीटीव्हीला, एक रिसेप्शन आणि कर्मचाऱ्यांना मिळून. कुणाला किती लागणार हा अंदाजच या कामात महत्त्वाचा, आणि तो तक्त्यात सापडत नाही. पाहुण्याला बिलिंगच्या संगणकापासून रोखायचं तर राउटरवर, म्हणजे वाडे एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रावर, वेगळे नियमही लागतात. नुसते भाग पाडून ते होत नाही.

चुकीचा मास्क काय करतो तेही बघ. पत्त्याचा शेवटचा आकडा संगणकाचा २०, प्रिंटरचा १४०, दोघे वेगळ्या वाड्यांत. संगणकावर चुकून २५५.२५५.२५५.० पडला, म्हणजे सगळे २५६ पत्ते एकाच वाड्यात धरले, तर त्याला प्रिंटर आपल्याच वाड्यातला वाटतो. तो राउटरकडे जातच नाही, तिथल्या तिथे हाका मारत बसतो. केबल ठीक, प्रिंटर ठीक, छपाई मात्र बंद. हॉटेलात, इस्पितळात, वेर्ण्याच्या कारखान्यात अशी चूक पटकन ओळखणाऱ्या माणसाची किंमत असते.

तेव्हा तक्ता मिटून ठेव. पंधरा दिवस रोज पाच पत्ते हातानं बिटांत लिही आणि सिस्को कंपनीच्या पॅकेट ट्रेसर या नेटवर्कचा सराव करायच्या मोफत सॉफ्टवेअरवर वरचं हॉटेल उभं कर. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेला हे सगळं लागतंच, पण त्या परीक्षेची फी जड आहे. हात बसल्याशिवाय बाबांना पैसे भरायला लावू नकोस. वेब डिझाइनचं त्यानंतर ठरव.

आजचा पहिला प्रश्न मीच देतो. मास्क २५५.२५५.२५५.१९२. १९२.१६८.१०.१८० आणि १९२.१६८.१०.२०० एका वाड्यातले का? बिट मांडून उत्तर पाठव.