वणीजवळच्या बंद भूमिगत कोळसा खाणीत टॉर्च घेऊन उतरून पाहता येईल का?

उतरू नये. छत कोसळण्याची भीती सर्वांनाच असते, परंतु अधिक घातक ठरते ती न दिसणारी हवा. खाणीतील पंखे बंद झाले की उरलेला कोळसा हवेतील प्राणवायू हळूहळू शोषत राहतो, आणि एरवी सुमारे २१ टक्के असणारे त्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली गेल्यास माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तेथेच आडवा होतो, जसे जुन्या विहिरीत मोटर काढायला उतरलेल्यांच्या बाबतीत आपल्याकडे घडते. कोळशातून निघणारा मिथेन हा ज्वलनशील वायू हवेत ५ ते १५ टक्के असल्यास स्फोटाला एक ठिणगी पुरते, आणि साधी टॉर्च ठिणगीरोधक नसते.

उघडी खाणही काठावरून पाहू नये, कारण मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि पहिल्या पावसात तो काठच खाली सरकतो.