‘तू लिबरल झालीस काय?’ आणि बाकीचे प्रश्न

मी सोलापुरात बरीच वर्षं राज्यशास्त्र शिकवतोय. गेल्या लेखात व्यक्तिस्वातंत्र्यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आले. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पाच घेतले.

प्रश्न : घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पत्रकाराच्या अटकेबद्दल ‘हे चुकीचं आहे’ एवढंच लिहिलं, तर काका म्हणाले, ‘तू लिबरल झालीस काय?’ लिबरल म्हणजे नेमकं काय? आणि ती शिवी आहे का? (एम.ए.ची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

शिवी अजिबात नाही. मराठीत आपण ‘उदारमतवादी’ म्हणतो आणि तिथंच घोळ होतो, लोकांना वाटतं उदार म्हणजे सगळ्यालाच चालतंय म्हणणारा, ज्याचं स्वतःचं काही ठाम मत नाही असा. तसं नाही. लिबरल माणसाचं मत एकदम ठाम असतं, की सत्ता कुणाचीही असो, सरकारची असो, जातीची असो, मालकाची असो नाहीतर घरातल्या थोरल्यांची, तिला कुठंतरी कुंपण पाहिजे आणि त्या कुंपणाच्या आत एकट्या माणसाला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. आणि ते कुंपण आपल्या आवडत्या नेत्यालापण लागू. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं.

काकांना घेऊन एकदा चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ जा. मे १९३० मध्ये आपल्या गावात मार्शल लॉ लागला, पार जूनअखेरपर्यंत. सोल्जर रस्त्यात अडवून डोक्यावरची गांधी टोपी काढायला लावायचे. टोपीनं कुणाचं काय बिघडत होतं? पण सत्तेला अडवणारं कुणी नसलं की ती टोपीपर्यंत येते. पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिली. आपण सोलापूरकर हे अभिमानानं सांगतो, मग विनाकारण उचललेल्या माणसाबद्दल ‘कायद्यानं दाखवा, गुन्हा काय’ असं विचारणाऱ्या पोरीला आपणच गप्प बसवायचं हे मला पटत नाही.

शिवी कधीपासून झाली म्हणशील, तर नाव बदलतं, शिवी जुनीच आहे. आगरकरांनी १८८८ ला ‘सुधारक’ काढला, त्यांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. गोखल्यांना ‘मवाळ’ म्हणून हिणवलं. त्याच गोखल्यांनी १९११ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं बिल कौन्सिलमध्ये मांडलं होतं, ते पास झालं नाही. पास झालं असतं तर आपल्या किती आज्या-पणज्यांना सही करता आली असती, हा विचार माझ्या मनातनं जात नाही.

प्रश्न : माझे पॉवरलूम आहेत. मला वाटतं सरकारनं धंद्यात कमीत कमी लुडबुड करावी. मग मी लिबरल का? पण टीव्हीवर तर अमेरिकेतल्या डाव्यांना लिबरल म्हणतात. (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

तुमचा गोंधळ खरा आहे, कारण शब्दच फिरत फिरत आलाय. राजकीय अर्थानं तो पहिल्यांदा स्पेनमध्ये रुळला, १८१२ ची राज्यघटना करणारे, राजाच्या मनमानीला आवर घालू बघणारे लोक स्वतःला ‘लिबेरालेस’ म्हणायचे. मग इंग्लंडमध्ये खुला व्यापार मागणारे लिबरल झाले, परदेशी धान्यावरची जकात १८४६ ला उठवली ती त्याच चळवळीच्या रेट्यानं. अमेरिकेत मात्र १९३० नंतर रूझवेल्टच्या काळात बेकारी एवढी होती की ‘उपाशी माणसाला कसलं स्वातंत्र्य’ असं म्हणत सरकारनं काम आणि पेन्शन द्यावी म्हणणाऱ्यांना लिबरल म्हणायला लागले. आणि ऑस्ट्रेलियात १९४४ ला निघालेली लिबरल पार्टी तिथं उजव्या बाजूची समजली जाते!

आपल्याकडं तुमच्यासारखं बोलणारा पक्ष होता, राजाजींचा (चक्रवर्ती राजगोपालाचारींचा) स्वतंत्र पक्ष, १९५९ चा. १९६७ ला लोकसभेत त्यांचे ४४ खासदार होते, विरोधकांत सगळ्यात जास्त. परमिट-कोटा राजवर, म्हणजे धंदा करायला पावलोपावली सरकारी परवाना लागायचा त्यावर, त्यांनी जी टीका केली त्यातलं बरंचसं १९९१ ला सरकारनंच मान्य केलं असं म्हणायला हरकत नाही.

तर तुम्ही लिबरल आहात, पण अर्धे. उरलेला अर्धा तुमच्या कारखान्याच्या दारात उभा आहे. इन्स्पेक्टरनं मनमानी केली की तुम्हाला राग येतो ना, तसाच राग तुमच्या मागावरच्या कामगाराला किंवा पूर्व भागात दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला येतो. तिनं पानं भिजवून, कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून हजार विड्या वळल्या, मान आखडून गेली, आणि कारखान्यात माल घेणाऱ्यानं मूठभर विड्या ‘खराब’ म्हणून बाजूला सारल्या तर त्या मजुरीतनं गेल्या, तिनं दाद कुणाकडं मागायची? म्हणून १९६६ ला विडी कामगार कायदा करावा लागला, म्हणून युनियन लागते. मालकाची सत्तापण सत्ताच आहे. धंद्याचं स्वातंत्र्य आणि संघटनेचं स्वातंत्र्य घटनेच्या एकाच कलमात दिलंय, १९ मध्ये. एक पाहिजे आणि दुसरं नको असं करता येत नाही.

प्रश्न : मी दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाला जातो, सिद्धेश्वरांवर श्रद्धा आहे. लिबरल व्हायला नास्तिक व्हावं लागतं का?

नाही हो. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजाचे होते, देवाला मानायचे. तुमची श्रद्धा तुमची, शेजाऱ्यानं मानली नाही तर त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही, एवढंच. खुशाल जा.

प्रश्न : तुम्ही लिबरल लोक फक्त हिंदूंनाच बोलता, मुसलमानांच्या बाबतीत तोंड शिवून बसता. हे खरं की नाही? (बार्शी)

काही अंशी खरं आहे, आणि ते कबूल केलं पाहिजे. १९८५ ला शाहबानो या तलाक दिलेल्या मुस्लिम बाईच्या बाजूनं सुप्रीम कोर्टानं पोटगीचा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी संसदेनं कायदा करून तो बोथट केला, तेव्हा स्वतःला पुरोगामी म्हणवणारे किती जण गप्प बसले! एका म्हाताऱ्या बाईपेक्षा समाजाच्या पुढाऱ्यांची मर्जी मोठी ठरली, हे लिबरल विचाराच्या नेमकं उलटं आहे.

पण सगळेच गप्प होते असं नाही. हमीद दलवाईंनी १९६६ ला मुंबईत सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला होता. सात जणी फक्त! १९७० ला त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, नावात फुल्यांचा ‘सत्यशोधक’ शब्द मुद्दाम घेतला. मला लिबरल कोण विचारलं तर मी आधी दलवाईंचं नाव सांगेन, कारण ते स्वतःच्या लोकांशी भांडले. तुम्हीपण हाच नियम स्वतःला लावून बघा एवढीच विनंती, आपल्या समाजातल्या दादागिरीवर आपण शेवटचं कधी बोललो?

प्रश्न : मी स्वतःला मोकळ्या विचाराचा समजतो. मुलगी २४ वर्षांची आहे, नोकरी करते, तिनं दुसऱ्या जातीतला मुलगा बघितलाय. समाजातली चार माणसं घरी येऊन म्हणाली, ‘लग्न केलं तर समाजाच्या कुठल्याच कार्यक्रमाला तुम्हाला बोलवणार नाही.’ झोप लागत नाही. काय करू?

तुमचा मेल तीनदा वाचला. राग कुठंच नाही त्यात, नुसती भीती आहे, आणि ती मला कळते.

आधी कायद्याचं. मुलगी सज्ञान आहे, कुणाशी लग्न करायचं हे ती ठरवणार, तुम्ही नाही आणि ती चार माणसं तर नाहीच नाही. जातपंचायतींनी अशा लग्नात आडवं येणं बेकायदेशीर आहे असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला स्पष्ट सांगितलंय. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी पद्धतीनं लग्न करता येतं, ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नोटीस ऑफिसात लागते, म्हणजे बातमी फुटणार, तेव्हा तोवर घरातलं बोलणं झालेलं बरं. आणि ती जी धमकी दिली ना, त्यावर महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोण आलं, काय बोललं, कधी बोललं ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. तक्रार लगेच करा असं म्हणत नाही, पण लिहून ठेवा.

आता मोकळ्या विचाराचं. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना सांगितलं होतं की यात घटक गाव नाही, व्यक्ती आहे. तेव्हा गावाचा मान राखा म्हणून पुष्कळ जण नाराज झाले होते. तुमच्या घरात ती व्यक्ती म्हणजे तुमची मुलगी. पेपरमध्ये दुसऱ्याच्या पोरीचं वाचताना मोकळं असणं सोपं असतं, मी पण त्यातनं गेलोय, माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी मी सहा महिने तिच्याशी धड बोललो नाही आणि ते महिने आता परत मिळत नाहीत. वडील तोपर्यंत वारले.

म्हणून सांगतो, या रविवारी त्या मुलाला घरी बोलवा. जातीचा विषय काढू नका, काम काय करतो, आई-वडील कसे आहेत, चिडला की कसा वागतो, दारू पितो का, हे सगळं विचारा, बाप म्हणून तो तुमचा हक्कच आहे. मुलगा पटला नाही तर तसं मुलीला तोंडावर सांगा, कारणासकट, आणि मग तिचं उत्तर ऐकून घ्या. ती चार माणसं परत आली तर त्यांना चहा द्या आणि सांगा, पोरगी घरात आहे, तिच्याशीच बोला, मी शेजारी बसतो.